चार बोटं कमी

आधी तक्रार, मग मृत्युपत्र.

माझ्या कापडाच्या कात्रीने या घरात कोणीतरी कागद कापला आहे. ज्यांच्या घरात शिंपीकाम नाही त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. त्यांनी अशी कल्पना करावी की त्यांच्या देव्हाऱ्यातल्या सहाणेवर कोणी लसूण वाटला. ही कात्री मी बावीस वर्षं सांभाळली. हिने कधी सुतळी कापली नाही, दिव्याची वात छाटली नाही. दसऱ्याला आधी हिला हळदकुंकू, मग मला जेवण. परवा सकाळी लठ्ठ्याच्या पांढऱ्या कापडाला लावली तर ही कापेना, चावू लागली. मी चौकशी बसवली. पुतण्या कारभारी याने डोळ्यांची शपथ घेतली. पत्नी मनकर्णाबाई हिने भिंतीकडे पाहिले. नात सारजा हिला नेमकी त्याच वेळी पाणी आणायची आठवण झाली. शेजारचे रफूगर कमरोद्दीनभाई यांनी पात्यावर बोट फिरवून निकाल दिला, "कागजच है, पुंजाराम. किसीका गला काटते तो भी इत्ती बोथट नै होती."

गुन्हेगार सापडलेला नाही. या अन्यायाची नोंद राहावी म्हणून ती सर्वांत वर केली. आता मुद्द्याचं.

मी, पुंजाराम वल्द सांडू, जात नामदेव शिंपी, वय वर्षे बावन्न, धंदा शिवणकाम, राहणार कुंभारवाडा, औरंगाबाद, राज्य हैदराबाद, हा कागद स्वतःच्या हाताने, कोणाच्या दाबाखाली न येता, कसल्याही नशेत नसताना लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. जिभेबद्दल माझं दुकान आहे त्या गुलमंडी बाजारातल्या लोकांचं मत निराळं आहे, पण कायदा जिभेची चौकशी करीत नाही. मुन्शी म्हणाले, वसीयतनामा उर्दूत हवा. मी म्हणालो, मरणार मराठीत, तर लिहिणारही मराठीत. अदालतीला वाचायचा असेल तर तिने तर्जुमा करवून घ्यावा.

लिहिण्याचं कारण असं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, जिने चढू नका. माझ्या घराला जिना नाही. तरी जे समजायचं ते मी समजलो.

कलम पहिले. कुंभारवाड्यातले दोन खोल्यांचे धाब्याचे घर मी माझ्या कमाईतून घेतले. त्यात वडिलोपार्जित काही नाही. वडिलांनी मला सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं टोपण आणि दम्याची उबळ एवढंच दिलं. हे घर मी माझी पत्नी मनकर्णाबाई हिला पूर्ण मालकी हक्काने देतो. तिने राहावे, विकावे, गहाण ठेवावे, कोणी विचारू नये. वकीलसाहेब म्हणाले, "हयातीपुरतं लिहू. बाईमाणूस आहे, पद्धतच तशी." मी म्हणालो, तिने चौतीस वर्षं या भिंती लिंपल्या त्या हयातीपुरत्या लिंपल्या नाहीत. वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. लिहिलं मात्र मीच.

मी कोणालाही दत्तक घेतलेले नाही. माझ्या मागे भाऊबंदांनी तिच्या मांडीवर कोणाला बसवू नये. मांडीवर बसायचं वय कारभारीचं उलटून गेलं आहे. त्याला मिशा आहेत.

कलम दुसरे. घरातली पायमशीन, दुकानातली कोळशाची इस्त्री, लोखंडी गज आणि वर जिची तक्रार केली ती कात्री, ही सर्व हत्यारे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा कारभारी याला द्यावीत. तो माझ्याकडे बारा वर्षं शिकला. शेरवानीचा गळा बरा बसवतो. आमच्यात कापड बेतणं पुरुषाचं, काजं-बटणं आणि तुरपाई बायकांची. हे कोणी ठरवलं ते कोणाला ठाऊक नाही, पण मोडलं की सगळ्या जातीला त्याच दिवशी ठाऊक होतं. म्हणून हत्यारे कारभारीला.

कलम तिसरे. दोऱ्या. ही मालमत्ता कोणत्या सदरात घालावी हे मला कळत नाही, म्हणून समजावून लिहितो.

या शहरातल्या निम्म्या घरांत परपुरुषाला बायकांसमोर जाता येत नाही. शिंपी तर जन्माचा परपुरुष. तेव्हा माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मनकर्णाबाई पडद्याआड जाऊ लागली. तिला आकडे वाचता येत नाहीत. येत असते तरी उपयोग नव्हता. आपल्या अंगाचे आकडे कोणा मर्दाच्या वहीत लिहिले जावेत हे त्या घरांना चालत नाही, आणि बरोबर आहे. म्हणून ती दोरी नेते. एका टोकापासून छातीपर्यंत दुहेरी गाठ, कंबरेला एकेरी, बाहीला गाठीत अडकवलेला लाल धागा. टोकाला घराची चिंधी. हिरवी चिंधी म्हणजे पानदरिबा मोहल्ला, त्यातही जरीची किनार असेल तर अख्तरी बेगमचं घर. दुसऱ्या कोणाला दोरी सापडली तरी ती नुसती दोरीच.

ती घरी येऊन दोरी फळीवर ताणून धरायची आणि गाठीवर बोट ठेवून सांगायची, "ही छाती. ही कंबर. इथं ढील द्या, बाईला दिवस गेलेत, अजून सासूला ठाऊक नाय." मी बेतायचो. म्हणजे गुलमंडीत पाटी माझ्या नावाची होती, पण शहरातल्या बायकांची अंगं तिला ठाऊक होती. जिला दोरी वाचता यायची तिने कात्री धरली नाही. ज्याच्या हातात कात्री होती त्याला दोरी वाचता येत नव्हती. दोघं मिळून एक शिंपी होतो. कौतुक मात्र एकालाच मिळालं, आणि त्याने ते खिशात घालताना मागे वळून पाहिलं नाही.

माजघराच्या भिंतीवर खिळ्यांना अशा दोऱ्या सातआठशे तरी असतील. त्या तिच्या आहेत. मी देत नाही, नुसतं लिहून ठेवतो की त्या माझ्या कधीच नव्हत्या.

त्यांत आमच्या लेकीची, आवडीची, एक दोरी कमी आहे. ती हळदीच्या डब्यात, पिशवीखाली ठेवलेली आहे. ती मला ठाऊक आहे हे मनकर्णाबाईला ठाऊक नसावं. तिची वाटणी कोणी करू नये.

कलम चौथे. बिडकीनच्या जावयाला, म्हणजे आप्पासाहेब यांना, माझ्या मालमत्तेतून काही मिळणार नाही. का, ते लिहावं लागेल. त्यात त्यांचा दोष आहे तेवढा लिहितो. माझा आहे तो जास्त भरेल.

आमची जगली ती एवढीच मुलगी, आवडाबाई. चौदाव्या वर्षी पाहायला आले. घर बरं होतं, बिडकीनच्या पेठेत कापडाचं दुकान, थोडी शेती, खटल्यात अकरा माणसं. सासऱ्याने विचारलं, "कामाला कशी हाय पोरगी?" मी गिऱ्हाइकापुढे तागा उलगडावा तसा उलगडलो. म्हणालो, "अकरा माणसांचं काय घेऊन बसलात, एकवीस माणसांचं रांधील. वापरा, धुवा, रंग जायचा नाही." सगळे हसले. आतल्या दाराशी मनकर्णाबाई उभी होती, ती हसली नाही. पोरगी थकत नाही असं मी भर बैठकीत बोलून दिलं, आणि त्यांनी मला शब्दाचा पक्का माणूस समजून तो शब्द पुरा वसूल केला.

दळण तिचं, पाणी तिचं, शेण तिचं. शिंप्याची लेक म्हणून गावातल्या चोळ्यांची तुरपाईही तिची. दोन वर्षांत सारजा झाली. माहेरपणाला आली की चार दिवस नुसती झोपायची. मी म्हणायचो, "सासरी काय झोपू देत नाहीत का?" ती म्हणायची, "देतात की आबा. मीच उठते." बोलण्यात माझ्यावर गेली होती.

सन १३४१ फसलीच्या रमजानात बाजारच्या गाडीबरोबर तिची दोरी आली. ईदेपूर्वी एक चोळी शिवून पाठवा, सणाला नाही तरी अंगाला हवी, असा निरोप. दोरी तिने स्वतःच बांधलेली. आईने शिकवलं होतं. मनकर्णाबाईने तिची जुनी दोरी खिळ्यावरून काढली, नवी तिच्या शेजारी फळीवर ताणली आणि छातीच्या गाठीवर बोट ठेवून उभी राहिली.

"चार बोटं कमी," ती म्हणाली.

"घाईत बांधली असंल."

"म्या शिकिवलंय तिला. घाईत बी चुकायची नाय ती. अवो, पोरगी वाळलीय. मला जाऊ द्या."

"ईद झाली की जा. अख्तरी बेगमच्या घरच्या तेरा बायकांची मापं व्हायचीत. तुझ्याबिगर आत कोण जाणार, मी?"

"किती दिस?"

"अकरा."

"अकरा दिस लई झाले."

"अकरा दिवसांत काय होतंय?"

हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कोणाच्या नावावर ते घालता येत नाही.

ती अकरा दिवस पानदरिब्याला गेली, तेरा बायकांची मापं आणली, गाठी दाखवल्या. त्या ईदेला मी तीन माणसांएवढी टीप मारली. आवडीची चोळी मी जुन्या मापानेच बेतली. नवी दोरी बाजूला सारली. आपली लेक खंगली हे मला कापडात कबूल करायचं नव्हतं. वर आणखी एक केलं. गुलमंडीतल्या दुकानाबाहेर माझी एक काळी फळी असे. तिच्यावर मी रोज खडूने एक ओळ लिही, कधी कोणा अंमलदाराच्या पोटावर, कधी कोणा सावकाराच्या धोतरावर. लोक मुद्दाम वाट वाकडी करून वाचायला येत. त्या दिवशी मी लिहिलं: कापड धुतलं की आटतं, बिडकीनला लेकी आटतात.

सगळी गुलमंडी दिवसभर हसली. मीही हसलो.

ईदेच्या दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई गाडी करून निघाली. अर्ध्या वाटेत निरोप घेऊन येणारा माणूस भेटला. ती तरी पुढे गेली. आवडी पहाटे गेली होती, आई दुपारी पोचली. महिनाभर बारीक ताप होता, खोकला होता. तिने कोणाला सांगितलं नाही, आणि अकरा माणसांतल्या एकानेही विचारलं नाही. विचारणार तरी कोण? ती थकत नाही हे सर्वांना ठाऊक होतं. तिच्या बापानेच सांगितलं होतं.

मनकर्णाबाई तीन वर्षांच्या सारजेला कडेवर आणि एक गाठोडं हातात घेऊन परत आली. गाठोड्यात तीन चोळ्या होत्या. तिन्हींना आतून दोन्ही बाजूंनी बारीक टाके घालून त्या आत घेतलेल्या. जुन्या दोन थोड्या थोड्या. मी पाठवलेली नवी जास्त. मी ती उलटी करून फळीवर मोजली. बरोबर चार बोटं.

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. "पानदरिब्याची दोरी आलीय." "वाढलंय." "कोळसे संपलेत." भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं, मला उत्तरं देता येतात. नऊ वर्षं झाली. दुकानाबाहेरच्या काळ्या फळीवर मी पुन्हा ओळ लिहिली नाही. लोक म्हणाले, पुंजाराम पोक्त झाला.

कलम पाचवे. आप्पासाहेबांना काही मिळणार नाही असं वर लिहिलं, त्यात दुरुस्ती. लग्नात दिलेली माझी पितळी घागर त्यांच्या घरी आहे. ती त्यांनी ठेवून घ्यावी. अट एकच. एकदा भर दिवसा, गावाच्या विहिरीवरून, ती भरून स्वतःच्या डोक्यावर पेठेतून घरापर्यंत आणावी. आणली नाही तरी घागर त्यांचीच. मला फक्त त्यांनी हे वाचलेलं हवं आहे.

येथे माझं लिहिणं एक दिवस थांबलं. का थांबलं ते पुढच्या कलमात येतं.

कलम सहावे. काल दुपारी कारभारीने दुकानात विषय काढला.

"काका, एक बोलायचं होतं. सारजीचं बिडकीनला बोलणं लावलंय म्या."

"कसलं बोलणं?"

"आप्पासाहेबांची दुसरी बाई बाळंतपणाला गेली माहेरी. घरात माणूस पाहिजे. बारा वर्सांची झाली पोरगी, तिकडंच उन्हाळ्यात उजवून टाकतील. तुमची तब्येत ही अशी. तुमच्या मागं म्या कुठं सांभाळू?"

"तुला कोण सांभाळ म्हणलं?"

"पोरगी कामाला लई चांगली हाय म्हणून सांगितलंय त्यांना. थकत नाय."

माझ्या हातातली इस्त्री मी खाली ठेवली. त्याने ते शब्द मुद्दाम उचलले नव्हते. आमच्या घरात मुलीबद्दल असंच बोलायचं असतं हे तो माझ्याकडून शिकला होता, शेरवानीचा गळा शिकला तसंच. म्हणून मी त्याला शिवी दिली नाही. दुकान बंद केलं आणि घरी आलो.

घरी सारजा माजघरात गुडघ्यांवर बसली होती. समोर जुनं वर्तमानपत्र, हातात माझी कात्री. मला पाहून तिने ती पाठीमागे लपवली. नऊ इंची कात्री पाठीमागे लपत नाही.

"आबा, म्याच कापला कागद. परवा बी म्याच."

"कात्रीनं? कापडाच्या?"

"मंग कशानं कापू? आणि कापड कुठून आणू?"

जमिनीवर कागदाचे तुकडे पसरले होते. पाठ, पुढचा भाग, दोन बाह्या. मला वाटलं पोरखेळ असेल, उचलून पाहिले. पोरखेळ नव्हता. शेजारी हिरव्या चिंधीची दोरी ताणून ठेवलेली, दोन्ही टोकांना दगड. ती दोरी वाचून तिने कागद बेतला होता. कोणी बोट ठेवून सांगितलं नव्हतं. दोरीही तीच, कात्रीही तीच. आमच्या घराण्यात हे आजवर कोणी केलं नव्हतं, कारण करायचं नसतं.

मी बाहीचा तुकडा खांद्याच्या तुकड्याला लावून पाहत होतो. स्वयंपाकघरातून मनकर्णाबाई दाराशी आली. तिने तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काखेत ढील बरी सोडलीय पोरीनं," ती म्हणाली. "तुमी कमी सोडता. बायकांना हात वर करावा लागतो, पाणी काढाया, फळीवरचं काढाया. तुमच्या चोळ्या काखेत काचतात. तीस वर्सं सगळ्या हेच म्हणतात."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं व्हतं."

ती परत आत गेली. नऊ वर्षांत ती माझ्याशी एवढं एका दमात बोलली नव्हती. तेही कामाचंच होतं.

तरी मी कारभारीची बाजू ऐकून घेतली, कारण मृत्युपत्र एकतर्फी असू नये. संध्याकाळी तो घरी आला. मी त्याला कागद दाखवले. तो म्हणाला, "बरं हाय. पण काका, बाईनं कात्री धरली तर गिऱ्हाईक काय म्हणंल? पंच काय म्हणतील?"

"गिऱ्हाईक पडद्याआड आहे. ते कोणाला काही म्हणायला बाहेर येत नाही."

"आणि बिडकीनला दिलेला शब्द?"

"तो तू दिलास. तू जा रांधायला."

कमरोद्दीनभाई दारातून ऐकत होते. म्हणाले, "जा बेटा. तू भी थकता नै."

कारभारी जेवला नाही, पण गेलाही नाही. ओसरीत बसून राहिला. तो वाईट मुलगा नाही. त्याला कोणी दुसरं दाखवलं नाही, आणि दाखवायला घरात मीच होतो.

तरी खालीलप्रमाणे बदल. कलम दुसरे रद्द. पायमशीन आणि कात्री सारजा हिला द्यावी. कात्रीला आधी धार लावून घ्यावी, तो खर्च गुन्हेगाराचा. इस्त्री, गज, आणि शेरवानी, कोट, पायजम्याची मर्दानी गिऱ्हाइकं कारभारीला. जनानी शिवण सारजेचं, तिच्या आजीच्या देखरेखीखाली. गुलमंडीतली काळी फळी सारजेला. तिने तिच्यावर बेतण्याच्या आकृत्या काढाव्यात. ओळी लिहू नयेत. लिहिल्याच तर ज्याच्याबद्दल लिहायची त्याला आधी वाचून दाखवाव्यात.

कलम सातवे. सारजेचा सांभाळ. आवडी गेली त्या साली आप्पासाहेबांनी सही केलेला करारनामा पत्र्याच्या पेटीत आहे. मी दागिने परत मागणार नाही, त्यांनी पोरगी परत मागू नये, असा तो करार. साक्षीदार कमरोद्दीनभाई. पोरीच्या बदल्यात दागिने हा सौदा मी केला, आणि तो माझ्या आयुष्यातला एकच सौदा आहे ज्यात मी फसलो नाही. सारजा तिच्या आजीकडे राहील. सोळा वर्षांची होईपर्यंत तिच्या लग्नाचं कोणी बोलू नये. पुढे पाहायला येतील त्यांनी ती किती माणसांचं रांधते हे विचारू नये. विचारलंच तर घरच्यांनी उत्तर द्यावं: ती थकते. हे वाक्य मी मुद्दाम कायद्याच्या कागदात घालतो, म्हणजे नाकारता येणार नाही.

कलम आठवे. माझं उत्तरकार्य साधं करावं. अंगावर नवं कापड घालू नये, मला शिवण आवडणार नाही.

वरील मजकूर मी शुद्धीवर असताना लिहिला, वाचून पाहिला, खाडाखोड केली ती माझीच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

ठिकाण औरंगाबाद, कुंभारवाडा. तारीख १२ बहमन सन १३५० फसली, मार्गशीर्ष महिना, शके १८६२, सोमवार.

सही: पुंजाराम वल्द सांडू

साक्षीदार पहिले: कमरोद्दीन वल्द इलियास, रफूगर, राहणार कुंभारवाडा. (सही उर्दूत केली आहे. करताना म्हणाले, "मरने की इत्ती जल्दी कायकू, पुंजाराम?" ते लिहू नको म्हणाले होते.)

साक्षीदार दुसरे: नानासाहेब, शाळामास्तर. (यांनी माझ्या व्याकरणाच्या सात चुका काढल्या. त्या तशाच ठेवल्या आहेत.)

सह्या झाल्यावर जोडलेले, त्याच दिवशी.

साक्षीदार उठताना कमरोद्दीनभाई म्हणाले, "सबको सब दिया. भाभी को घर दिया. उन्का कुछ बाकी तो नै?" मी नाही म्हणालो. मग आठवलं.

आवडीच्या लग्नात नवरीची आई म्हणून मनकर्णाबाईला जांभळ्या रंगाचा, लाल काठाचा खण मिळाला होता. तिने तो माझ्यापुढे ठेवून म्हटलं होतं, "एवढा मशीनवर शिवून द्या." मी म्हणालो, दिवाळीला. चौदा दिवाळ्या झाल्या. आख्ख्या शहराच्या बायकांना शिवलं. ती स्वतःच्या चोळ्या उरलेल्या चिंध्यांतून हाताने टाके घालून वापरते. खण पेटीत तसाच आहे.

मी सारजेला म्हणालो, "आजीकडून तिची दोरी आण."

सारजा आत गेली. बराच वेळ लागला. चौतीस वर्षांत कोणी तिचं माप घेतलेलं नव्हतं. नात घेत होती. आतून आवाज आला, "हात वर कर ना आजी." मग सारजा बाहेर आली, दोरी फळीवर ताणली. खिळ्यावर आजीची जुनी दोरी नव्हती, तेव्हा तिने आजीने गेल्या वर्षी स्वतःसाठी हाताने शिवलेली चोळी आणून शेजारी अंथरली. गाठीवर बोट ठेवून उभी राहिली. तिला गोष्ट ठाऊक नाही, तिला फक्त माप ठाऊक आहे.

"आबा," ती म्हणाली, "चार बोटं कमी हाय."

मी आत पाहिलं. मनकर्णाबाई भिंतीला टेकून पदर नीट करीत होती. ती खोकला दाबते हे मला कधीपासून ऐकू येत होतं, आणि मी तो मशीनच्या आवाजात घालवत होतो. मी सगळं मृत्युपत्र मी आधी जाणार असं धरून लिहिलं. त्यातही मी स्वतःलाच पुढे ठेवलं होतं.

कारभारी ओसरीतच होता. त्याला सांगितलं, "पहाटेचा टांगा सांगून ये. तुझ्या काकूला दवाखान्यात न्यायचंय."

"काका, बकरीद तोंडावर आली. पानदरिब्याची मापं..."

"टांगा सांग."

तो गेला. तो गेल्यावर मी गुलमंडीला गेलो. नऊ वर्षांनी काळी फळी पुसली आणि तिच्यावर खडूने एक ओळ लिहिली: दुकान अकरा दिवस बंद. चार माणसं थांबून वाचून गेली. कोणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

परत येऊन पेटीतून खण काढला. मी कात्रीला हात लावला नाही. सारजेने बेतलं, शिवणीची खूण दोरीवर होती तशी, एक सूतही जास्त न धरता, कापड मात्र खुणेबाहेर सोडून. काखेत ढील सोडली. मी टीप मारली. पुढे कधी अंग भरलं तर उसवता यावं म्हणून आत दोन्ही बाजूंना मिळून चार बोटं कापड राखून ठेवलं.

चोळी घडी करून मनकर्णाबाईच्या पाटाशेजारी ठेवली. तिने उचलली. एवढ्यापुरतं माझ्याकडे काही बाकी नाही.